माशीची साक्ष

संपादकांचे पत्र आले तेव्हा मी माळ्यावर होतो. दसरा उलटला की आमच्या घरात साफसफाईची लाट येते आणि माझ्यासारखी निवृत्त माणसे त्या लाटेबरोबर हमखास माळ्यावर जाऊन पडतात. तेथे आजोबांची पत्र्याची पेटी आहे. आजोबा कोकणातल्या एका लहान गावचे पोलीस-पाटील होते. पेटीत साऱ्याच्या पावत्या होत्या, आत्याच्या लग्नातल्या आहेराची यादी होती, आणि तळाशी चौघडी घातलेला, घडीवर विरलेला एक कागद होता. तो १९३७ सालच्या एका पंचनाम्याची नक्कल होती. तो कागद मी पूर्वी एकदा वाचला होता. या वेळी मात्र त्यातल्या एका वाक्यावर माझे बोट थांबले, आणि दिवाळीसाठी मनात योजलेला हलकाफुलका विषय तेथेच राहिला.

प्रकरण असे होते. गावाबाहेरच्या बांबूच्या बेटात एका शुक्रवारी एका फेरीवाल्याचे प्रेत सापडले. हा माणूस तांब्यापितळेची भांडी विकत गावोगाव फिरे. रविवारी बाजारात गावातल्या एका गड्याशी त्याची चांगलीच जुंपली होती, आणि 'तुला बघून घेईन' हे शब्द दहा जणांनी ऐकले होते. तो गडी सोमवारी पहाटेच्या बोटीने मुंबईला भावाकडे गेला आणि शुक्रवारी सकाळी परत आला. बोटीचे तिकीट होते, बंदरावरचे साक्षीदार होते. त्याबद्दल वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता की फेरीवाला मेला केव्हा? रविवारी रात्री मेला असेल तर संशयाला जागा होती. त्यानंतर मेला असेल तर गड्याचा काही संबंधच उरत नव्हता. एक म्हातारी सांगत होती, 'मी त्याला बुधवारी पारावर बसलेला पाहिला.' पण म्हातारीला धड दिसत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होते. तिचे कोणी ऐकले नाही.

पंचनाम्यात प्रेताविषयी वाक्य आहे ते असे : 'प्रेत कुजलेले असून अळ्या झालेल्या आहेत.' बस्स. पुढे पंचांच्या सह्या आणि अंगठे.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात प्रेताची आणि अळ्यांची गोष्ट काढल्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ज्या सणात आपण पहाटे उठून नरकासुराच्या नावाने पायाखाली कारीट चिरडतो आणि मगच फराळाला बसतो, त्या सणाला एवढी गोष्ट सोसायला हरकत नसावी. शिवाय मला जे सांगायचे आहे ते मृत्यूपेक्षा न्यायाविषयी अधिक आहे. तरी ज्यांचे ताट समोर असेल त्यांनी आधी चकली संपवावी, मग पान उलटावे.

माशीने कोर्टात साक्ष दिल्याची सर्वांत जुनी नोंद चीनमधली आहे. तेराव्या शतकात, आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते त्या काळी, तिकडे सुंग घराण्याच्या राज्यात सुंग त्झू नावाचा एक न्यायाधिकारी होऊन गेला. संशयास्पद मृत्यूची तपासणी कशी करावी यावर त्याने १२४७ साली एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ, 'अन्यायाचे क्षालन'. पुढे कित्येक शतके चिनी अधिकारी हाताशी ठेवीत आले असा हा ग्रंथ. त्यात एक हकीकत आहे. रस्त्याच्या कडेला एका माणसाचे प्रेत सापडले. अंगावर विळ्याचे दहाएक घाव. जवळची चीजवस्तू जागच्या जागी होती. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने ताडले की हे काम चोराचे नव्हे, वैऱ्याचे. मृताच्या बायकोला विचारता ती म्हणाली, 'वैर असे कोणाशीच नव्हते. मात्र अमुक एक जण उसने पैसे मागायला आला होता, ते न मिळाल्याने रागावून गेला.' अधिकाऱ्याने त्या माणसाला एकट्याला हटकले नाही. त्याने आसपासच्या सर्वांना आपापले विळे आणायला फर्मावले. सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर ओळीने मांडले गेले. दिवस उन्हाळ्याचे होते. थोड्याच वेळात माशा घोंगावत आल्या आणि नेमक्या एका विळ्यावर बसल्या. 'हा कोणाचा?' म्हणून विचारले, तर तोच उसने मागणारा पुढे आला. 'बाकीच्यांच्या विळ्यांवर माशी नाही. तुझा विळा धुतलास, पण रक्ताचा वास गेला नाही,' असे अधिकाऱ्याने म्हणताच त्याने जमिनीवर डोके टेकले.

गोष्ट बिरबलाच्या चातुर्यकथेत शोभावी अशी आहे. पण तिच्यात एक बारीक अडचण आहे. त्या विळ्याने आदल्या दिवशी कोणी कोंबडे कापले असते तर? माशीला रक्त कळते, कोणाचे ते कळत नाही. या गोष्टीत अपराध्याने कबुली दिली म्हणून निभावले. माशीने खरोखर काय सांगितले आणि त्यावरून माणसाने काय ठरवले, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. या विद्येचा पुढचा सगळा इतिहास याच दोन प्रश्नांतल्या अंतराचा आहे.

युरोपात तर सतराव्या शतकापर्यंत माशी आणि अळी यांचे नातेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. मांस नासले की त्यातून अळ्या आपोआप उपजतात, असा चांगल्या चांगल्या विद्वानांचा समज होता. फ्लॉरेन्सच्या राजदरबारातला वैद्य फ्रान्सिस्को रेडी याने तो खोटा ठरवला. १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या प्रयोगात काही बरण्यांत मांस उघडे ठेवले होते, काहींची तोंडे बंद केली होती आणि काहींवर विरळ कापड ताणले होते. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. म्हणजे अळी मांसातून येत नाही, माशीच्या अंड्यातून येते. आपल्या आजीने लाडवांच्या डब्यावर फडके बांधण्यापूर्वी हा प्रबंध वाचला नव्हता. पण तिचे फडके आणि रेडीचे कापड एकाच तत्त्वाचे. या साध्या शोधाचा पुढे न्यायालयात केवढा उपयोग होणार आहे, हे मात्र रेडीच्या स्वप्नातही नसेल. अळी अंड्यातून येते असे एकदा ठरले की तिला वय आले. आणि वय आले की त्यावरून मागे मोजता येते.

हे मोजणे कसे असते ते थोडक्यात सांगतो. उघड्यावर प्रेत पडले की मांसावर वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या चकचकीत माशा, ऊन आणि ऊब असेल तर, फार थोड्या वेळात तेथे पोचतात आणि अंडी घालतात. अंड्यातून अळी निघते, ती खाते, वाढते, दोनदा कात टाकते. म्हणजे अळीपणातच तिच्या तीन अवस्था होतात. ती कोणत्या अवस्थेत आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मागच्या टोकाला असलेल्या श्वासछिद्रांच्या फटींवरून कळते. तिसऱ्या अवस्थेत दर छिद्राला तीन फटी असतात. पोट भरले की अळी अन्न सोडून कोरड्या जागी जाते, तपकिरी कोष करते आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते. रिकामे कोष मागे राहतात, कधी कधी वर्षानुवर्षे.

या घड्याळाला किल्ली देते ती उष्णता. गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. वैशाखात विरजण लावले तर दही दुपारपर्यंत आंबट होते, आणि पौषात तेच भांडे रात्रभर उबेला ठेवले तरी सकाळी पाणीच. अळ्यांचेही तसेच. आपल्या कोकणच्या आश्विनातल्या उकाड्यात त्या चार-पाच दिवसांत पुऱ्या वाढतात; थंड मुलखात त्यालाच पंधरवडा लागतो. म्हणून नुसती अळी पाहून भागत नाही. जात कोणती, त्या दिवसांत हवा कशी होती, प्रेत उन्हात होते की सावलीत, हे सारे विचारावे लागते.

हे सारे प्रश्न विचारायला माणूस फार उशिरा शिकला. त्याची पहिली धडपड दिसते ती फ्रान्समध्ये. आर्ब्वा हे ज्यूरा प्रांतातले लहानसे गाव. लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला तेच. १८५० साली तेथल्या एका घराची दुरुस्ती चालली असता शेकोटीमागच्या पोकळीत गवंड्याला एका तान्ह्या मुलाचे सुकलेले प्रेत सापडले. घरात त्या वेळी जे बिऱ्हाड होते, साहजिकच पहिले बोट त्यांच्याकडे गेले. डॉक्टर बेर्जेरे याने तपासणी केली. प्रेतात त्याला मांसमाशीचे रिकामे कोष सापडले आणि सुकलेल्या मांसावर येणाऱ्या पतंगाच्या अळ्याही. त्याने हिशेब मांडला : माशीने अंडी घातली ती १८४८ मध्ये, पतंग आले ते नंतर, १८४९ मध्ये. म्हणजे मूल १८४८ सालचे. त्या साली घरात दुसरेच लोक राहत होते. राहत्या बिऱ्हाडावरचा संशय उडाला आणि तो जुन्या भाडेकरूंकडे वळला.

बेर्जेरेची युक्ती थोर होती, गणित मात्र कच्चे होते. माशीचे एक आयुष्यचक्र पुरे व्हायला वर्ष लागते असे तो समजत होता. आज शाळेतला मुलगाही सांगेल की त्याला आठवडे पुरतात. मला बेर्जेरेविषयी आदर वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. आदर अशासाठी की जे समोर होते ते बहुतेकांनी घाण म्हणून झाडून टाकले असते, त्याने उचलून पाहिले. भीती अशासाठी की चुकलेल्या घड्याळावरूनही माणसे तितक्याच विश्वासाने गाडी पकडायला निघतात.

हे घड्याळ दुरुस्त करण्याचे पहिले मोठे काम झां पिएर मेन्यँ या लष्करातल्या गुरांच्या डॉक्टरने केले. पॅरिसमधल्या न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकांनी, ब्रुआर्देल यांनी, १८७८ मध्ये त्याला अशाच एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात मदतीला बोलावले होते. तो नादाला लागला तो लागलाच. वर्षानुवर्षे निरीक्षण करून १८९४ मध्ये त्याने प्रेतांवरच्या कीटकांविषयी ग्रंथ लिहिला. उघड्यावरच्या प्रेतावर कीटक कसेही येत नाहीत, पंगती बसाव्यात तसे क्रमाने येतात, असे त्याने दाखवले. अशा आठ पंगती त्याने मोजल्या. त्याने मात्र लष्करी माणसाला साजेसा 'तुकड्या' हा शब्द वापरला आहे. आज त्या आठांचा हिशेब कोणी इतका काटेकोर मानत नाही, पण क्रम असतो हे खरे ठरले आहे.

आता जी हकीकत सांगतो तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम हा पारशी मुलगा १८९९ साली मुंबईत जन्मला, मुंबई विद्यापीठाचा डॉक्टर झाला, आणि पुढे विलायतेत जाऊन बक रक्स्टन या नावाने लँकेस्टर गावी त्याने दवाखाना थाटला. गोरगरिबांत त्याची चांगली ख्याती होती. घरात इसाबेला ही त्याची सहचरी, तीन मुले आणि मेरी रॉजर्सन ही वीस वर्षांची मोलकरीण. बाहेर लोकप्रिय असलेला हा डॉक्टर घरात मात्र संशयाने पेटलेला असे. १४ सप्टेंबर १९३५ च्या शनिवारी इसाबेला ब्लॅकपूलला बहिणींबरोबर दिव्यांची रोषणाई पाहायला गेली आणि रात्री मोटारीने घरी निघाली. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही, आणि मेरीही दिसली नाही. दोघी गाव सोडून गेल्या, असे डॉक्टर सांगत राहिला.

पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, शंभरएक मैलांवर स्कॉटलंडमधल्या मोफट गावाजवळ एका पुलावरून खाली ओढ्यात डोकावणाऱ्या बाईला एक गाठोडे दिसले. पुढचे वर्णन मी करीत नाही. एवढेच सांगतो की दोन देहांचे अनेक तुकडे होते, आणि ओळख पटेल अशी प्रत्येक खूण जाणत्या हाताने काढून टाकलेली होती. मारेकऱ्याला शरीरशास्त्र ठाऊक होते. कीटकशास्त्र मात्र ठाऊक नव्हते. त्या अवशेषांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठातल्या डॉक्टर अलेक्झांडर मर्न्स याच्याकडे गेल्या. माशीची जात त्याने ओळखली, अळ्या तिसऱ्या अवस्थेत आहेत हे पाहिले, आणि त्यांचे वय बारा ते चौदा दिवस सांगितले. २९ तारखेपासून मागे मोजा : १५ ते १७ सप्टेंबर.

केवळ अळ्यांनी रक्स्टनला फासावर चढवले असे मात्र कोणी समजू नये. गाठोडे बांधायला वापरलेला 'संडे ग्राफिक'चा १५ सप्टेंबरचा अंक हा फक्त लँकेस्टर-मोरकॅम भागात वाटल्या गेलेल्या खास आवृत्तीतला निघाला. ग्लेस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी तुकडे जुळवून दोन देह उभे केले, आणि कवटीच्या छायाचित्रावर इसाबेलाचे छायाचित्र बसवून दाखवले. मेरीच्या बोटांचे ठसे घरातल्या वस्तूंवर मिळाले. अळ्यांची साक्ष या साऱ्यात एका कोपऱ्यात उभी होती. पण तिने सांगितलेली तारीख इतरांच्या तारखेशी जुळली. मार्च १९३६ मध्ये मँचेस्टरला रक्स्टन दोषी ठरला. दयेच्या अर्जावर दहा हजारांवर लोकांनी सह्या केल्या, तरी १२ मे रोजी त्याला फाशी झाली. त्या अळ्या लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. लहानशा कुपीतला एवढासा पुरावा!

ही सर्व अपराधी पकडल्याची कथा झाली. मला स्वतःला तिच्याहून मोठी वाटते ती हंगेरीतली एक साधी हकीकत. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे एका नावेवर गावच्या पोस्टमास्तरचे प्रेत सापडले. अंगावर सुऱ्याचे वार. दिवस सप्टेंबरचे. नावेचा तांडेल संध्याकाळी सहाला नावेवर आला होता आणि काही तासांतच प्रेत उघडकीस आले. तांडेलाला धरले, दोषी ठरवले, जन्मठेप दिली. आठ वर्षे तो तुरुंगात होता. मग प्रकरण पुन्हा उघडले, आणि कीटकशास्त्रज्ञ फेरेन्त्स मिहाय यांच्या हाती जुने कागद आले. प्रेताची तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता झाली होती, आणि ती करणाऱ्या डॉक्टरने एक नोंद करून ठेवली होती : माशांची पिवळसर अंडी पुष्कळ, आणि नुकत्याच फुटलेल्या एक ते दोन मिलिमीटरच्या अळ्या.

त्या दोन मिलिमीटरांनी एका माणसाचे आयुष्य परत दिले. मिहाय यांनी दाखवले की हंगेरीत सप्टेंबरमध्ये संध्याकाळी सहानंतर या माशा फिरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंडी घातली असती तर चारपर्यंत ती फुटली नसती. म्हणजे अंडी आदल्या दिवशी, सहाच्या आधी घातलेली. म्हणजेच तांडेल नावेवर पाय ठेवण्यापूर्वीच पोस्टमास्तर मेलेला होता. तांडेल सुटला.

पहिल्या तपासणीच्या डॉक्टरला हे काही ठाऊक नव्हते. त्याने कोणताही निष्कर्ष काढला नव्हता. त्याने फक्त जवळ जाऊन पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. बाकीचे आठ वर्षांनी दुसऱ्या कोणी केले. आज या शास्त्राचे जाणकार काही अळ्या गरम पाण्यात घालून मग मद्यार्कात टिकवतात, काही जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवतात, म्हणजे जात नक्की ठरते. जागेचे तपमान टिपतात. साधने वाढली, मूळ धडा मात्र तोच राहिला.

आणि म्हणून माझे बोट आजोबांच्या त्या वाक्यावर थांबले. 'अळ्या झालेल्या आहेत.' केवढ्या? बारीक, तांदळाच्या कणीएवढ्या होत्या, तर म्हातारीचे डोळे खरे आणि फेरीवाला बुधवारी जिवंत होता. पुऱ्या वाढलेल्या, प्रेत सोडून पाचोळ्याकडे निघालेल्या होत्या, तर रविवारची रात्र खरी. आश्विनातल्या उकाड्यात दोन दिवसांची अळी आणि पाच दिवसांची अळी यांत इतका फरक असतो की भिंगाचीही गरज पडत नाही. उत्तर पंचांच्या पायाशी वळवळत होते. ते कोणी लिहून घेतले नाही.

तो गडी अठरा दिवस कोठडीत होता. मग पुराव्याअभावी सुटला. पण 'पुराव्याअभावी' हा शब्द कोर्टात माणसाला सोडवतो, गावात सोडवत नाही. विहिरीवर बायका बोलायच्या थांबत, पंगतीत शेजारचे पान रिकामे राही. वर्षभरात तो बायकामुलांसह मुंबईला गिरणीत गेला तो परत आला नाही. त्याच्या शेतात कुडा वाढला. त्याने खून केला होता की नव्हता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि मीही सांगत नाही.

आजी ही गोष्ट सांगताना शेवटी आवाज उतरवून एक वाक्य म्हणत असे. आजोबा अगदी थकल्यावर एकदा तिला म्हणाले होते, 'त्या दिवशी मी नाकाला उपरणे लावून लांबूनच पाहिले. जवळ जायला हवे होते.' त्यांना सुंग त्झू ठाऊक नव्हता, मर्न्स ठाऊक नव्हता. पण चूक कोठे झाली ते नेमके ठाऊक होते.

मी पेटी आवरत होतो तेवढ्यात खालून सुनेची हाक आली, 'बाबा, रद्दीवाला आलाय. वरचे जुने कागद द्यायचेत का?' इकडे माळ्यावरच्या दिव्याभोवती भातकापणीच्या दिवसांतले हिरवे तुडतुडे जमू लागले होते. एक येऊन त्या पंचनाम्याच्या कागदावर बसला. एरवी मी तो झटकला असता. या वेळी चष्मा पुसला आणि जरा वाकून पाहिला.

'नाही,' मी खाली ओरडून सांगितले, 'हे राहू दे.'